उष्टी हळद

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा घराला घोर लागला तो तिच्या कोपरा-गुडघ्यांचा. तिथं सोरायसिसचे लालसर चट्टे होते, त्यांवरून पांढरे पापुद्रे सुटायचे. शहापूरच्या डॉक्टरांचं मलम चालू होतं, पण आईचं औषध वेगळंच. "लगीन होईस्तोवर कुणाला दाखवू नको गो बाय." तानशाकडच्या उन्हातसुद्धा बिचारी पूर्ण बाह्यांत फिरायची.

मी मात्र त्वचेच्याच कामातली. कल्याणला सासर आणि नोकरी एका प्रयोगशाळेत. कातडीचे पातळ काप काचेवर घ्यायचे आणि पेशींच्या अंगावरची साखर शोधायची. साखर म्हणजे चहातली नव्हे. पेशीच्या बाहेरून तिच्या बारीक साखळ्या लोंबत असतात. पेशी तळाला जन्मते, वर सरकते, पिकत जाते, तशा त्या साखळ्याही बदलतात. कोवळ्या पेशीवर जी साखर झाकलेली असते ती वर येताना उघडी पडते, आणि शेंगदाण्यातून काढलेलं एक प्रथिन नेमकं तिलाच चिकटतं. त्या प्रथिनाला रंग जोडलेला असल्यामुळे पिकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या उजळतात. बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढी साखर हाय, तं मला मुंग्या कशा नाय लागत गो ताय?"

मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "माझ्या चट्ट्यात काय दिसल?" मी म्हटलं, महिनाभराची वाट तुझ्या पेशी आठवड्याच्या आत चालून येतात, कच्च्याच. साखरही मग जिथं जशी असायला हवी तशी नसते. पण हे कुणाला लागत नाही, कितीही हात लावला तरी. तिनं ते होणाऱ्या नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. मुरबाडकडचा तो मुलगा समजूतदार निघाला. त्याच्या घरच्या बायकांना मात्र कुणीच काही सांगितलं नाही.

हळदीला त्याच्याकडच्या पाच सवाष्णी उष्टी हळद घेऊन आल्या. बहिणीला पाटावर बसवलं. आधी आंब्याच्या पानानं पाय, गुडघे, खांदे शिवायचे आणि मग हातानं हळद चोपडायची, अशी आमच्याकडची रीत. खरी मजा त्या चोपडण्यातच असते. पहिलीनं बाह्या कोपरांच्या वर केल्या, साडी गुडघ्यांच्या वर सरकवली आणि तिचा हात थांबला.

"ह्या काय गो?"

"पडली व्हती, खरचटलंय," आई म्हणाली.

दोन्ही गुडघे, दोन्ही कोपरं एकदम खरचटतील असं कोण पडतं? पण कुणी विचारलं नाही. पाचही जणींनी पान टेकवलं आणि वाटीत ठेवून दिलं. हात एकीनंही लावला नाही. मग आमच्या काकू, आत्या उठल्या. त्यांनीही पानच घेतलं. गाणी चालू होती, तेवढंच बरं.

माझा नंबर आला. हात लावला तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्या गुडघ्यांवर जातील, प्रश्न निघतील, आई खोटी पडेल, भरल्या मांडवात लग्न मोडेल, असं काय काय डोक्यात आलं. बहीण माझ्याकडेच बघत होती. मी पान उचललं, टेकवलं आणि हात न लावताच वाटीत ठेवून दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

लग्न नीट पार पडलं. आठ दिवसांनी ती माहेरी आली, तेव्हा मीही मुद्दाम गेले होते. पडवीत ती मलम घेऊन बसली होती. मी जवळ जाऊन ट्यूब उचलली, बोटावर मलम घेतलं आणि म्हटलं, आण, मी लावते. तिनं गुडघा साडीखाली ओढून घेतला. मला फार वाईट वाटलं. त्या बायकांच्या मनात काही नव्हतं गं, असलं काहीतरी मी पुटपुटले.

"त्यांना म्हायत नव्हतं," ती म्हणाली. "तुला व्हतं."