दोन पाट्यांचं एक दुकान

बाबनराव म्हणजे माझे भाटवे, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. असा संशयी माणूस अख्ख्या इतवारी बाजारात दुसरा झाला नाही, आणि हे मी काही कौतुकानं सांगत नाही. देवळात जाताना एक चप्पल या कोपऱ्यात काढत, दुसरी त्या कोपऱ्यात. चोराला जोडी मिळू नये! रुख्माबाईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, एखाद्या दिवशी शिरा केला की विचारत, "आज काहून? कोण येऊन राहिलं?" अशा माणसाबरोबर तिनं संसार केला, त्याचं मला आजही नवल वाटतं.

त्यांचं साड्यांचं घाऊक दुकान होतं. त्यांचे वडील स्वतः मागावर बसून विणणारे. यांनी उमरेड-पवनीच्या विणकरांचा माल उचलून विकायला सुरुवात केली आणि धंदा चांगला वाढला. पंच्याऐंशी सालची गोष्ट. नवा कायदा आला होता. वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या वर गेली, तर सी.ए.कडून हिशेब तपासून घ्यायचा, म्हणजे ऑडिट, आणि त्याचा अहवाल करवून घ्यायचा. चाळिसाच्या आत असलात तर ती कटकट नाही. भाटव्यांची विक्री त्या वर्षी चाळीस ओलांडणार हे दिसतच होतं. त्यांनी कुणाचं काही बुडवलं नव्हतं हो. पण परका माणूस आपल्या गादीवर बसून आपल्या वह्या चाळणार, या विचारानंच त्यांना घास गोड लागेना.

"आज वह्या पाहतील, उद्या घरात घुसतील," ते म्हणाले, आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूड ठोकलं. डावीकडे 'बाबनराव साडी सेंटर'. उजवीकडे 'रुख्माई वस्त्र भांडार', मालकीण माझी बहीण. एका मोठ्या दुकानाची दोन लहान दुकानं झाली, दोन्ही चाळिसाच्या आत.

नुसत्या पाटीनं भागत नाही, धंदा खरोखर वेगळा दिसला पाहिजे, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. झालं! चहा वेगळा, कुलूप वेगळं, दिवाळीला लक्ष्मीपूजनसुद्धा दोन. बहिणीला ताकीद होती, "लोकांसमोर मले अहो म्हणायचं नाही. म्या भिंतीवर टकटक केली तं विचारायचं, कोण पार्टी?"

"बाई वं, घरचा माणूस अन् पार्टी!" रुख्माबाई हसली. पण तसं वागली. दुकानही झकास चालवलं. विणकराचीच पोर ती, बोटांनी सूत ओळखायची. मग भाटव्यांना नवाच घोर लागला. बाई एवढी विकते कशी? त्यांनी स्वतः प्लायवूडला भोक पाडलं आणि डोळा लावून बसू लागले. बहिणीनं त्यावर कॅलेंडर टांगलं.

अशातच शामलाचं लग्न निघालं. शामला ही त्यांची एकुलती एक लेक. आलेल्या प्रत्येक मुलाला नाकं मुरडणारी पोर उमरेडच्या मास्तराला मात्र मनापासून हो म्हणाली होती. तिची आई तर देव पाण्यात ठेवून बसली होती. मुलाचे वडील वामनराव बोलणी करायला आले, ते आधी भाटव्यांच्या दुकानातच शिरले. मी तेव्हा बहिणीकडे साड्यांच्या घड्या घालत होते. प्लायवूडपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

वामनराव म्हणजे सुतारकामाचे ठेकेदार. त्यांनी सवयीनं भिंत ठोकून पाहिली. "हे कधी टाकलं?"

भाटवे सावध झाले. "झाले काही महिने."

"अन् तिकडलं दुकान?"

"दुसऱ्या पार्टीचं."

"पाटीवर तं विहीणबाईंचं नाव दिसून राहिलं. विक्री कोणाची जास्त हो?"

सोयरा होणारा माणूस हे विचारणारच की! पण भाटव्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. हा मुलाचा बाप नव्हे, सरकारनं पाठवलेला माणूस आहे. ते ताडकन म्हणाले, "ते मले माहीत नाही. त्या बाईचा व्यवहार वेगळा, माझा वेगळा. तिचा माझा काही संबंध नाही!"

माझ्या हातातली साडी खाली पडली. वामनरावांनी छत्री उचलली. "नवराबायकोच वेगळे झाले, त्या घरात आम्ही पोरगा नाही देत," एवढं बोलून ते पायऱ्या उतरले.

दुकानावरच्या घराच्या जिन्यात उभ्या असलेल्या शामलानं ते ऐकलं. मी बाहेर पडताच बहिणीनं आतून आपल्या दुकानाचं शटर धाडकन ओढलं. माझा संताप अनावर झाला. मी भाटव्यांसमोर जाऊन ओरडले, "बसा आता आपल्या वह्या कवटाळून! पोरीचं वाटोळं झालं तरी ऑडिट चुकलं नं?"

ते अनवाणीच धावत सुटले. पुढचं मला वामनरावांनी नंतर सांगितलं. इतवारी स्टेशनात उमरेडकडे जाणारी छोट्या लाइनची गाडी सुटत होती, भाटवे तिकीट न काढता डब्यात चढले आणि भर डब्यात हात जोडून ओरडले, "दुकान एकच हाय! बायको माझीच हाय! भिंत फक्त ऑडिट चुकवाले ठोकली!" तेवढ्यात काळ्या कोटातला माणूस पुढ्यात आला. भाटव्यांना वाटलं, धरलंच आता आपल्याला. तरी थांबले नाहीत. "तुम्हीही ऐका साहेब, काय तपासाचं ते तपासा! पण माझ्या पोरीले नाही म्हणू नका!"

साहेबांनी त्यांच्याकडे तिकीट मागितलं. दंड वामनरावांनी भरला. मग म्हणाले, "माझी हरकत नाही. पण संबंध नाही असं तुम्ही म्हणाले, ते विहीणबाईंनी भिंतीआडून ऐकलं असंल. त्या हो म्हणतील तं पोरगी आमची."

संध्याकाळी भाटवे परतले, पाय सोललेले. बहीण अजून आपल्याच बाजूला बसून होती. शटर बंदच होतं. त्यांनी आपल्या बाजूनं प्लायवूडवर हळूच टकटक केली.

आतून आवाज आला, "कोण पार्टी?"

मी भाटव्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. "पार्टी नाही वं," ते म्हणाले, "म्या हाय. चुकलो म्या. ऑडिट करू आपण. तू फक्त हो म्हण."

मग कॅलेंडर सरकल्याचा आवाज झाला आणि भोकात माझ्या बहिणीचा डोळा दिसला. त्या माणसाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा संशयानं निरखून पाहिलं.

"हो म्हणते," ती म्हणाली. "पण आधी खिळे काढा."