समोर नसलेली चावी

चावीवाला बॉनेटवर लॅपटॉप ठेवून आमच्या गाडीची नवी चावी जोडत होता. चावी स्वस्तातली, रिमोट खेळण्यातल्यासारखा हलका.

"जुनी असेल तर समोर आणा, ताई. समोर नसेल ती चावी गाडी विसरते. मग सापडली तरी चालत नाही."

जुनी, एकुलती एक चावी माझ्या नवऱ्याच्या खिशात आहे. उन्हाळ्यात तो सकाळी फिरायला म्हणून चालत बाहेर पडला, तो अजून परतलेला नाही.

"तिला राहू देता येणार नाही का?"

"नाही हो. ही जोडली की ती पुसली जाणार."

गाडीला किती सोपं आहे हे. समोर नाही ते नाहीच. मी मात्र अजून प्रत्येक फोन धावत जाऊन उचलते. पण गाडी चालू व्हायलाच हवी होती. अजून कितीतरी गावं बघायची राहिलीत. त्याला शोधायचं म्हणून त्याचीच चावी पुसायची.

मी मान डोलावली.

थोड्या वेळानं चावीवाल्यानं रिमोट दाबून पाहिला. दिवे लुकलुकले, गाडी दोनदा वाजली. रोज संध्याकाळी नवरा घरी आला की वाजायची, अगदी तशीच.

आतून सासूबाई लेकासाठी पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं दारात आल्या.