समुद्राकडची खोली

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ब्रायटनमावशी आधी भिंतीला तळहात लावायच्या. चपला काढून झाल्या, "या, या" झालं, की त्यांचा हात हळूच दाराशेजारच्या भिंतीवर जायचा आणि क्षणभर तिथेच थांबायचा. "ओल नाही," असा निकाल देऊन मगच त्या सोफ्यावर बसायच्या. हे सगळं ॲरिझोनात, चँडलरमध्ये, जिथे महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही आणि जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. आम्ही हसायचो. "हसा बाप्पा," त्या म्हणायच्या. "एजंट काय, गोड बोलतो. भिंत खोटं बोलत नाही."

मावशी मूळच्या नागपूरच्या. नर्सिंग शिकून पंचविशीत इंग्लंडला गेल्या आणि समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात एका हॉस्पिटलात लागल्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक प्रशांत तिथेच वाढला, इंजिनिअर झाला आणि नोकरीसाठी चँडलरला आला. मी पुण्याचा. प्रशांत आणि मी एकाच टीममध्ये, घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. सत्तरीत जिन्यावरून पडून मावशींचा खुबा मोडला, तेव्हा प्रशांत त्यांना कायमचं इकडे घेऊन आला. दर दुसऱ्या वाक्यात ब्रायटन यायचं, म्हणून महिन्याभरात सगळ्यांनी त्यांचं नाव ब्रायटनमावशी करून टाकलं.

त्यांचं ब्रायटन ऐकताना माणूस रमून जायचा. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. लाट मागे सरते तेव्हा पोत्यातून ज्वारी ओतल्यासारखा आवाज होतो. सीगल म्हणजे दरोडेखोर, हातातला पाव पळवतात. समुद्राकडच्या खिडक्यांवर मिठाचा थर बसतो, तो व्हिनेगरने पुसायचा. आणि जाहिरातीत 'समुद्र दिसतो' असं लिहिलेलं असलं तर आधी विचारायचं, कुठून? "एका घरात मला बाथटबच्या काठावर उभं केलं होतं," मावशी सांगायच्या, "आणि म्हणे, मान जरा डावीकडे करा!" त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटमधून मात्र खरोखरच समुद्र दिसायचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या. मागची भिंतीकडे तोंड करून, पुढची सरळ समुद्राकडे. त्या पुढच्या खोलीचा फोटो त्यांच्या पर्समध्ये असायचा. फोटोत माणूस एकही नव्हतं. एक खुर्ची, एक खिडकी आणि राखाडी पाणी.

तो फ्लॅट त्यांनी विकत कसा मिळवला हे एकदा आमच्याकडे जेवायला आल्या असताना त्यांनी सांगितलं. फोन केला की एजंट "या बघायला" म्हणायचा, मावशी दारात उभ्या राहिल्या की "सॉरी, कालच गेला." असं पाच-सहा वेळा झाल्यावर पॉलीन नावाची त्यांची मैत्रीण, त्याच वॉर्डातली गोरी नर्स, दुसऱ्या दिवशी तोच फ्लॅट बघायला गेली. फ्लॅट होता, अगदी रिकामा. मग पॉलीनने सगळं ठरवलं आणि सही करायला मावशी गेल्या. "एजंटचं तोंड असं झालं होतं!" त्या पोट धरून हसल्या.

"गोरे असेच," माझी बायको अदिती म्हणाली.

मावशींचं हसू थांबलं नाही, जरा बारीक झालं. "मला ते नागपुरातच माहीत होतं, पोरी. भाड्याची खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की खोली गेलेली असायची. ब्रायटनच्या एजंटला निदान माझं आडनाव उच्चारता येत नव्हतं."

पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवताना माझी आई अजूनही पहिला प्रश्न तोच विचारते, हे मला माहीत होतं. मी मावशींना आणखी भात वाढला.

पुढच्या वर्षी आमच्या कंपनीत ले-ऑफचं वारं सुटलं. मी व्हिसावर, नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डची रांग हलत नव्हती. अशात ब्रायटनजवळच्या एका कंपनीने मला जवळजवळ होकार दिला. हे कळल्यावर मावशींच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा उत्साह आला. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो आणि त्या मला शिकवायच्या. तिथे फ्लॅट विकत घेतला तरी जमीन आपली नसते, ठरावीक वर्षं राहण्याचा हक्क तेवढा आपला. तेव्हा किती वर्षं उरलीत ते आधी बघायचं. छताचा खर्च सगळ्या मजल्यांवर वाटला जातो. इमारतीला बाहेरून रंगसुद्धा सगळे म्हणतील तोच लागतो. मी वहीत उतरवून घ्यायचो. एके दिवशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे सगळं काहून लिहून राहिला? माझंच घर घे ना."

त्या घरावर एकदोघांचा डोळा होता. मावशींनी कुणालाच दिलं नव्हतं, कारण त्यांना तिथे राहणारं माणूस हवं होतं. मला त्यांनी बाजारापेक्षा बरंच कमी सांगितलं. अट एकच. "दर जूनमध्ये एक महिना मी येईन. समुद्राकडची खोली माझी. हळूहळू चढीन जिना."

"मावशी, ती खोली तुमचीच," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. आज एवढंच काय ते स्वतःच्या बाजूने सांगता येतं. वकिलाने फोनवर विचारलं, आणखी काही कागदात घालायचं आहे का? मावशी म्हणाल्या, "घरच्या माणसाशी लिहून काय घ्यायचं?"

घर माझ्या नावावर झालं आणि दोन महिन्यांत सगळं उलटं फिरलं. ले-ऑफच्या यादीत माझं नाव आलं नाही. थोड्याच दिवसांत ग्रीन कार्डही झालं. अदिती म्हणाली, "आता मुलांची शाळा कशाला बदलायची? कॅन्सल कर यार ते इंग्लंड." मी केलं. मग फ्लॅट नुसता पडून राहिला. छताच्या दुरुस्तीचं पत्र आलं. त्यापाठोपाठ तिथल्या एजंटची ईमेल आली: पर्यटकांना दिवसांवर खोल्या देणारी एक कंपनी इमारतीतले फ्लॅट घेते आहे, चांगले पैसे देते आहे. मी तीन दिवस विचार केला असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे एक दुपारही केला नाही. ऑफिसच्या कॅफेटेरियात सँडविच खाता खाता फोनवर सही केली.

मावशींना सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत मे उजाडला आणि त्यांनी नवं जॅकेट आणून मला दाखवलं. "समुद्राचा वारा जूनमध्येही कापतो रे." मी म्हणालो, "मावशी, यंदा छताचं काम चालू आहे. पुढच्या वर्षी नक्की." त्यांनी जॅकेट घडी करून ठेवलं. प्रशांत म्हणाला, "डोन्ट वरी आई, वन इयर तर आहे." मी मान हलवली.

त्या फायद्यातून आम्ही मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचं कौतुक म्हणून सगळ्यांना बोलावलं. मुलं पाण्यात दंगा करत होती आणि मावशी काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी त्यांना सरबत नेऊन दिलं. त्या निळ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "छान झालं आहे. लाटा तेवढ्या नाहीत." मला वाटलं, नेहमीची थट्टा. मी मोठ्याने हसलोसुद्धा.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं. प्रशांत मुलीला पोहायला घेऊन गेला होता. मावशींनी तर्री-पोहे केले होते, नागपूरसारखे झणझणीत. मी पहिला घास घेतला आणि त्यांनी विचारलं, "मग, यंदा येऊ ना जूनमध्ये?"

मी वर्षभर तयार करून ठेवलेलं वाक्य म्हणायला लागलो. सध्या एक भाडेकरू आहे, त्याचा करार... वाक्य अर्ध्यावर आलं आणि माझं मलाच पुढे नेववेना. "मावशी, मी घर विकलं," मी म्हणालो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पॉलीनने मार्चमध्येच सांगितलं. दाराला किल्लीची पेटी लावली आहे म्हणे, रोज नवे लोक बॅगा ओढत येतात. तू सांगशील म्हणून थांबले होते."

म्हणजे पूलच्या काठावर बसल्या होत्या तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी काहीबाही बोलायला लागलो. पैशातला फरक देतो म्हणालो, तुमच्यासाठी तिथे महिनाभर चांगलं हॉटेल बुक करतो म्हणालो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तू ते घर बघितलं तरी होतंस का रे? एकदा तरी?"

बघितलं नव्हतं. घेताना व्हिडिओवर बघितलं होतं, विकताना तेवढंही नाही. मी मान खाली घातली. मग मावशींनी प्लेट माझ्याकडे सरकवली. "पोहे खा. थंड होऊन राहिले."

मी ते सगळे पोहे खाल्ले. त्या दिवसाचं आठवलं की सर्वांत जास्त लाज मला याचीच वाटते.

त्यानंतरही मावशी आमच्याकडे यायच्या, माझ्या मुलांना इंग्लिश पुडिंग करून घालायच्या, मला "निखिल बाळा"च म्हणायच्या. मीच त्यांच्या समोर यायचं टाळायला लागलो. त्या आल्या की मला गॅरेजमध्ये काहीतरी काम निघायचं. पुढच्या जानेवारीत न्यूमोनियाने आठ दिवसांत त्या गेल्या. हॉस्पिटलात मी एकदाच गेलो, तेही त्या झोपलेल्या असताना.

प्रशांतच्या घरी पुण्यानुमोदन झालं. फिनिक्सहून, टूसॉनहून माणसं आली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेशेजारी मावशींचा नर्सच्या गणवेशातला फोटो होता. त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली. मी निघालो तेव्हा प्रशांत मला सोडायला ड्राइव्हवेपर्यंत आला.

"थँक्स यार," तो म्हणाला. "आई शेवटपर्यंत तुझं नाव घ्यायची. म्हणायची, घर निखिलकडे आहे, मला काळजी नाही." मग म्हणाला, "मी काय म्हणतो, आम्ही जूनमध्ये तिच्या अस्थी घेऊन जातोय. तिथल्या समुद्रात. दोन-तीन दिवस फ्लॅटवर राहिलो तर चालेल ना? तिच्या खोलीत?"

मावशींनी त्याला सांगितलंच नव्हतं. पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं, माझी अब्रू राहावी म्हणून.

मी त्याला तिथेच सगळं सांगितलं. कॅफेटेरियातली सही, छताचं खोटं, पूल, पोहे. गाडीच्या दारावर हात ठेवून तो ऐकत होता. आतून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

"तिला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि तरी मला म्हणायची, घर निखिलकडे आहे." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग घराकडे. "ओके," म्हणाला आणि आत गेला.

जूनमध्ये प्रशांत, त्याची बायको आणि मुलगी ब्रायटनला जाऊन आले. हॉटेलात राहिले, असं दुसऱ्या कुणाकडून कळलं. ऑफिसात प्रशांत माझ्याशी कामापुरतं नीट बोलतो, आवाजही चढवत नाही. तो चढवेल म्हणून मी वाट बघत असतो.