शंभरावी वात

लक्षवाती वळायला बसलेल्या बाईला विचारा. सकाळी डब्याचा तळ दिसत असतो, आणि संध्याकाळी बघावं तर झाकण बसत नाही. किस्स्यांचंही असंच होतं. मी काही ते गोळा करायला बसले नव्हते. आमच्या सांगलीच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या एका डॉक्टरबाईंना दिल्या, एवढंच निमित्त. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरत होतं. बाई मनाच्या आजाराच्या डॉक्टर, वय जेमतेम तिशीचं, आणि गुरुवारी फक्त तरुण मुलामुलींना बघायच्या. मुली यायच्या तेव्हा खोलीत एखादी मोठी बाई असावी म्हणून त्यांनी मला हाक मारली.

मी म्हटलं, "बसते, पण चातुर्मासात लाख वाती वळायचा नेम धरलाय. हात चालू राहतील."

"हात चालू द्या काकू. तोंड तेवढं बंद ठेवा."

ते किती अवघड, हे पुढे कळलंच. नावं सगळी मी बदलली आहेत. माणसं तेवढी मला बदलता आली नाहीत.

* * *

बाईंनी दारावर पाटी लावली, 'तरुणांसाठी मानसोपचार व सल्ला'. तीन गुरुवार कुणी फिरकलं नाही. चौथ्या गुरुवारी मात्र माझ्या मागच्या दारी रांग लागली. एक बाई मुलीला घेऊन आलेली. "जरा विरजण हवं होतं." तिच्यामागे दुसरी, मुलगा बरोबर. "विरजण आहे का हो?" हातात वाटी कुणाच्याच नाही. सातवी आली ती पदर तोंडाशी धरून कुजबुजली, "आवं काकू, त्या डागदरीनबाई मागच्या दारानं भेटतील का?"

मी पुढे जाऊन सांगितलं. बाईंनी निमूटपणे आपलं टेबल उचलायला लावलं आणि स्वयंपाकघराला लागून माजघरात मांडलं. तेव्हापासून सगळे पेशंट तुळशीला वळसा घालून आत येऊ लागले.

आमच्या सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. महिनाभर बघून त्यांनी मला विचारलं, "काय गं, अख्ख्या सांगलीचं दही गुरुवारीच कसं बिघडतं?"

* * *

हौसा आली ती आषाढी एकादशीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी. कवठे महांकाळच्या पलीकडची वाडी, मेंढरं राखणारं घर. वय सोळा-सतरा. चौथी झालेली, घरात लिहितामोजता येणारी ती एकटीच. बरोबर वडील, खांद्यावर घोंगडं. त्यांना ती आबा म्हणायची, म्हणजे पूर्वी म्हणायची.

"ताई, शिमग्यापास्नं पोरगी येक सबुद बोलली न्हाई," आबा म्हणाले. "दुस्काळी कामावर हुतो समदी, पाझर तलावाच्या. तितं सुरुंग उडाला, तिची वयनी गेली. तवापास्नं."

एवढं बोलून ते लगेच पावसाकडे वळले, पावसावरून मेंढरांकडे, मेंढरांवरून एस्टीच्या कंडक्टरकडे. मोठे बोलके गृहस्थ. उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत, पण मागच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बोलायचे. मुलीच्या वाटणीचंही तेच बोलत असावेत, असं मला वाटायचं.

डॉक्टरबाईंनी तासभर हौसाशी बोलून पाहिलं. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. निघताना आबा म्हणाले, "तुळशीच्या लगनापतुर आणतो हिला. न्हाई बोलली तर देवरुषी हाय आमच्याकडं. साखळीनं बांधतो, मिरच्यांची धुरी देतो. लय जनं बोलाय लागल्यात मनं त्या धुरीनं."

माझ्या हातातली वात तुटली. मी देवाधर्माची बाई. सोमवार, प्रदोष, संकष्टी, काही म्हणून सोडलेलं नाही. पण देवाचं नाव घेऊन पोरीला साखळी?

दुसऱ्या गुरुवारी ती माझ्यासमोर बसली होती. बसल्या बसल्या तिनं माझ्या ताटातला कापूस ओढला आणि एक वात वळली. इतकी बारीक, एकसारखी, की मी बघतच राहिले. आता आमच्या सासूबाईंचा नियम असा, की दुसऱ्याच्या हातची वात व्रतात धरायची नाही. मनात आलं, देवाला कुठे हात ओळखू येतात? लगेच कान पकडले. पण वात डब्यात टाकली.

* * *

शालन म्हणून एक कॉलेजातली मुलगी यायची. खायचीच नाही. ताट समोर आलं की घशाशी काहीतरी येतं म्हणायची. आई बिचारी रडकुंडीला आलेली. एका गुरुवारी बाई बाहेर गेल्या होत्या आणि मला मायेचं भरतं आलं. मी म्हटलं, "शालन, मी सांगते ते कर. सोळा सोमवार धर. मन थाऱ्यावर येतं."

पुढच्या गुरुवारी डॉक्टरबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"काकू, मी तीन महिने त्या मुलीला दोन घास खायला लावतेय. आणि तुम्ही तिला उपास दिलात?"

 असली चूक माझ्यासारखी उपासवालीच करू जाणे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून शालनचं घर गाठलं, पाया पडून सांगणार होते की मोड तो सोमवार. दार उघडलं तिच्या आईनं, डोळ्यांत पाणी.

"काकू, अहो सोमवारी जेवली हो. रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, आमटी, दोन राजगिऱ्याचे लाडू. म्हणाली, हे जेवण नव्हे, फराळ आहे."

मी धावत येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी बराच वेळ वहीत काहीतरी लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "आठवड्यात आणखी कुठले कुठले वार धरता येतात?"

* * *

कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करणारा दिनकर सायकलवरून यायचा. वय वीस. आला की आधी आमच्या आडावर अर्धा तास हात धुवायचा. तेल-ग्रीस कधीच निघून गेलेलं असायचं, कातडी सोलून निघालेली असायची, तरी त्याचं चालूच. मला तर तो फार शुचिर्भूत मुलगा वाटला. बाईंना तसं म्हटलंसुद्धा.

"तो आजार आहे काकू," बाई म्हणाल्या. "हात धुतले नाहीत तर घरात कुणीतरी मरेल असं त्याला वाटतं. म्हणून थांबता येत नाही."

मला धक्काच बसला. इतकी भीती पोटात घेऊन हा मुलगा रोज सायकल मारतो? त्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसले. जरा गप्पा व्हाव्यात म्हणून तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. देवघरात जायच्या आधी हात धुते. मध्ये कशाला शिवले तर परत धुते. नैवेद्याच्या आधी परत. शंका आली तर अंघोळच.

 दिनकर हळूच म्हणाला, "काकू, तुमाला हितं कुनी आनलं?"

कोपऱ्यात काहीतरी हललं म्हणून वळून पाहिलं. हौसा खाली मान घालून वात वळत होती, पण खांदे हलत होते. हसत होती की नव्हती, शपथेवर सांगता येणार नाही. मी मात्र संध्याकाळी देवाला चार साखरफुटाणे जास्त ठेवले.

* * *

माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे फौजी माणूस दिसला की मी आधी चहा टाकते. उंब्रजचे एक रिटायर सुभेदार मुलाला घेऊन आले. घरचा ऊस, थोरला मुलगा लढाईत गेलेला. धाकटा जयसिंग भरतीला उभा राहिला तर छाती भरली नाही म्हणून परत पाठवला. तेव्हापासून तो खोलीतून बाहेर पडत नव्हता.

"बाईसाहेब," सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले, "लाजेनं खचलंय पोरगं. दोन हप्त्यांत फिट करा. पुन्हा भरतीला धाडायचाय."

जयसिंग चांगला आडवातिडवा गडी. माझ्यासमोर बसून त्यानं पन्नासभर वाती बिघडवल्या. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "काकू, छाती भरती माझी. मापाच्या टायमाला मी श्वासच सोडून दिला हुता. आईनं थोरल्याची ट्रंक अजून उघडली न्हाई. दुसरी ट्रंक कुठं ठेवंल ती?"

मी उठून ते डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं. बाईंनी सुभेदारांना आत घेतलं, दार लावलं. अर्ध्या तासानं ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. चहा उभ्यानंच प्याले. मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि बराच वेळ हात तिथून काढलाच नाही. "चल," म्हणाले, "उसाच्या आडसाली लागणीला मानूस कमी पडतंय."

* * *

दिवस सरत होते. हौसा वाती वळत होती, आबा पायरीवर बोलत होते. एकदा आमच्या ह्यांनी त्यांना तंबाखू पुढे केली तर दोन्ही हात जोडले. "सोडली मालक. शिमग्यापास्नं." मी रात्री ह्यांना म्हटलं, "बघा, लेकीनं बोलावं म्हणून बाप तंबाखू सोडून बसलाय. याला म्हणतात व्रत." ह्यांनी आठवडाभर माझ्यासमोर डबी काढली नाही.

तुळशीच्या लग्नाआधीचा गुरुवार आला. आबांच्या काखेत गाठोडं होतं. "शेवटचा गुरुवार ताई. हितनं सरळ देवरुष्याकडं जातो."

डॉक्टरबाईंनी त्यांना पायरीवर जाऊन समजावलं. बाईंनी हात जोडलेले मी पाहिले. परत येऊन टेबलाशी बसल्या. "बाप आहे तो काकू. मी आणखी काय करू?"

माझ्या लाखातली शेवटची जुडी राहिली होती. शंभर वाती मोजून बांधायच्या आणि नेम पुरा. हौसा समोर बसली होती, तिच्या पायाशी तिची पिशवी. मी मोजत होते, पण मन थाऱ्यावर नव्हतं. एका तोंडानं आकडे आणि आत एकच धावा. देवा, हिला बोलतं कर, माझी लाखाची लाख पुण्याई हिच्या पदरात टाक. शंभर म्हटलं आणि दोऱ्याची गाठ मारली.

"एक ऱ्हायली."

मी इकडेतिकडे बघितलं. आवाज कुणाचा ते कळेना. जाडसर, गंज चढलेला आवाज.

"शंभर न्हाईत," हौसा म्हणाली. "नव्व्याण्णव हाईत. एक ऱ्हायली."

तिनं माझ्या हातातून जुडी घेतली, गाठ सोडली आणि ताटात मोजायला लागली. मोठ्यानं. डॉक्टरबाईंनी तोंडावर हात ठेवला.  नव्व्याण्णवाला येऊन ती थांबली.

"तवाबी मीच मोजलं हुतं," ती ताटाकडे बघत म्हणाली. "सुरुंग उडवायच्या आधी मुकादम मनला, तुला मोजाय येतंय, बाया मोज. मी बावीस मनलं. समद्या आल्या मनलं. मग त्यांनी बत्ती लावली. वयनी आत ऱ्हायली."

चार महिने आम्ही तिला विचारत होतो काय झालं, कसं वाटतं, भीती वाटते का. मोजलं कुणी, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मागच्या पायरीवर बोलणं चालू होतं, ते थांबलं होतं. किती वेळापासून, कोण जाणे. आबा उंबऱ्यात उभे होते. मग त्यांनी पायातलं पायताण काढलं आणि पहिल्यांदाच आत आले.

"बावीसच हुत्या, पोरी," ते म्हणाले. "तू बरुबर मोजलं हुतंस."

हौसानं वर पाहिलं.

"तू मोजून मुकादमाकडं गेलीस. मागनं मी धाडली तिला माघारी. माझी तंबाखूची चंची ऱ्हायली हुती खाली."

 इतकं बोलणारा तो माणूस, पण पुढे एक शब्द फुटेना. ते मटकन खाली बसले, ताटाच्या पलीकडे. हौसा त्यांच्याकडे बघत राहिली. बघतच राहिली. मला वाटलं, झालं, ही आता पुन्हा कायमची मिटली.

मग तिनं कापसाचा एक पेळू तोडला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

आबांनी तो उचलला. मेंढरांची लोकर कातरणारी, दगड फोडणारी बोटं ती. त्यांना वात कसली वळता येणार? वाकडीतिकडी, मध्येच जाड, टोकाला पिंजारलेली अशी एक वात त्यांनी कशीबशी वळली आणि तळहातावर धरून तिच्यापुढे केली.

तिनं ती सरळ केली नाही. तशीच उचलून ताटात ठेवली.

"शंभर," हौसा म्हणाली.