भाकर उलटेपर्यंत लांडगा दारात

माझी बायको मेली. लोक ‘गेली’ म्हणतात. गेली म्हणलं की वाट बघावी वाटते, म्हणून मी मेलीच लिहितो.

ऊसतोडीला असायचो तेव्हा संध्याकाळी ती पाचटाच्या खोपटापुढं, आमच्या कोपीपुढं, चुलीवर भाकरी करायची आणि करता करता गोष्ट सांगायची. तिची तिनंच रचलेली. धनगरीण मेंढरांपाशी एकटी हाय, नवरा बाजाराला गेलाय आणि कुडाबाहेर लांडगा आलाय. दिवसभर ऊस तोडून आलेली उपाशी माणसं, पण ऐकताना भूक इसरायची.

परवा लेक माहेरी आली. म्हणाली, “आबा, आईची गोष्ट लिहून ठेवा. तुमच्याबिगर कुणालाच सगळी येत न्हाई.”

माझी शाळा चौथीपर्यंतची. तरी लिहिली. लांडगा आला, धनगरणीनं जळतं लाकूड फेकलं, लांडगा पळाला. लेकीनं वाचली. “ही गोष्ट हाय का पोलिसात दिलेली तक्रार?”

मग वाढवली. डोंगर घातला, चांदणं घातलं, मेंढरांचे रंग घातले, कुत्र्याचं सगळं खानदान घातलं. लेक जांभया देत म्हणाली, “लांडगा म्हातारा झाला की ओ, अजून दारात यायचाय.”

लई राग आला. कागद चुलीत घालणार होतो, तर आता घरात गॅस हाय.

गोष्ट मला शब्दन् शब्द पाठ हाय. मग बिघडतंय कुठं? डोकं फुटायची येळ आली तेव्हा आठवलं. लांडग्यानं कुडातून तोंड आत घातलं की ही नेमकी गप व्हायची. भाकर तव्यात टाकायची, वरून पाणी फिरवायची, उलटायची, मग इंगळापाशी धरून फुगवायची. मी चिडायचो, “सांग की पुढं.”

“धीर धरा की वो. लांडगा कुठं पळून चाललाय? भाकर जळंल.” आणि मधीच हळू म्हणायची, “धनगरणीचा जाळ कमी व्हायलाय बरं का.” पुन्हा गप.

काल लेक भाकरी करत होती. मी म्हणलं, “तू थाप, मी सांगतो.” तिच्या हाताकडं बघत सांगत गेलो. लांडग्यानं तोंड आत घातलं, भाकर तव्यात पडली, मी गप बसलो. जाळ कमी झाल्याचं तेवढं बोललो. लेक माझ्याकडंच बघत राहिली. करपल्याचा वास आला.

“उलट की गं.”

“उलटते. आधी सांगा तुमी.”

करपलेली भाकर मीच खाल्ली. लेक म्हणाली, “जमली आबा.” काय डोंबल जमली. तिच्या आईनं सगळ्यांना गोष्टीत गुंतवलं, पण एक भाकर करपू दिली न्हाई.

आणि ते तोंडी झालं. कागदावर तवा कुठं ठेवू? लेक उद्या सासरी चाललीय, तिला गोष्ट संगं न्यायचीय. लांडग्याचं तोंड कुडात हाय. पुढची ओळ आत्ताच लिहू का अजून थांबू, हे आता कुणाला विचारू?