अवतरण पूर्ण होईपर्यंत

आत्यानं एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथं तिला सगळे ‘लाल पेन्सिल’ म्हणत, आणि तिच्या टेबलापाशी यायला मालकसुद्धा टरकत. आता तिच्या तावडीत एकच जण उरली होती, भावाची नऊ वर्षांची मुलगी.

पोरगी बोलताना अडखळायची. वर्गातल्यांनी नकला करून तिला शाळा नकोशी केली, तेव्हा आत्यानं तिला घरीच शिकवायला घेतलं. आई नव्हती. वडील ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा, पण महिनाभर पोरगी फोनला हात लावत नव्हती. “अभ्यासात आहे रे,” असं म्हणून आत्या वेळ मारून न्यायची आणि पलीकडे भावाचा आवाज पडायचा.

त्या दिवशी धडा संवाद लिहिण्याचा होता. पोरीनं वहीत लिहिलं होतं:

“मला एक पे”

“पेन्सिल ना? ही घे,” दुकानदार म्हणाला.

पानभर तीच तऱ्हा. आत्याची लाल पेन्सिल सरसावली. “अगं शहाणे, वाक्य अर्धं असताना अवतरणचिन्ह बंद करतात होय? कुणालाच धड बोलू दिलं नाहीस!”

“अ... असंच तर स... सग—”

“सगळे करतात,” आत्या म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार!

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आता छापखान्यातली रीत ऐक. एकानं मूळ मजकूर चिन्हांसकट मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणारा ‘अवतरण पूर्ण’ म्हणेपर्यंत दुसऱ्यानं ब्र काढायचा नाही. ती जागा बोलणाऱ्याची. तिथं मालकाचंही काही चालत नाही.”

आठवडाभर दोघी तशाच वाचत बसल्या. पोरीला एकेका ओळीला पाच-पाच मिनिटं लागत. आत्या ओठ घट्ट मिटून बसायची, आणि तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक. अडखळणं काही गेलं नाही, पण वहीतली माणसं आपापलं वाक्य पुरं करू लागली.

मग एका संध्याकाळी फोन वाजला आणि पोरीनंच तो उचलून स्पीकरवर टाकला.

“अवतरण सुरू. बा... बाबा, तुम्ही क... क—”

“कधी येणार? शनिवारी येतो, राणी! नक्की येतो!”

“नाही. अवतरण पू... पूर्ण नाही झालं अजून.”

“ताई, काय गं हे?”

“गप्प बस आणि ऐक,” आत्यानं लांबूनच दटावलं.

भाऊ गप्प बसला.

“तुम्ही क... काही खा... खाल्लंत का? अवतरण पूर्ण.”

“मी... मी...” आता वडील अडखळले.

पोरगी फोन धरून उभी राहिली. त्यांचं वाक्य तिनं पुरं केलं नाही.