अवतरणचिन्हांतलं जग

जगात कामाचं असतं तेवढं दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये असतं आणि बाकी सगळा भुसा, असा माझ्या अकोल्याच्या साडभाऊंचा सिद्धांत आहे. लग्नपत्रिकेत ते फक्त जेवणाची वेळ वाचतात. मूर्तिजापूरजवळ आमची बस बंद पडली, ती हकीकत मी रंगात येऊन सांगू लागलो, तर म्हणाले, "पोचले ना भाऊ? झालं तर मंग." पेशाने संगणकवाले. वेबपानामागच्या खुणांच्या जंगलातून हवा तो शब्द एका ओळीच्या सूत्राने उचलायचा, याला ते रेगेक्स म्हणतात आणि म्हणताना छाती फुगवतात. या कामाला तयार साधनं मिळतात, असं कोणी सुचवलंच, तर "इकतचं पीठ आनून भाकर थापनाऱ्यानं मले शिकवू नये!"

त्यांच्या आईची नजर काचबिंदूने गेली. तिचा धाकटा मुलगा कॅनडात. नातीचे फोटो तो आपल्या वेबपानावर लावतो. प्रत्येक फोटोमागे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, अवतरणचिन्हांत वर्णन लिहायची सोय असते. साडभाऊंनी ती वर्णनं उचलून संगणकाकडून आईला ऐकवायचं ठरवलं. उद्‌घाटनाला आम्हांला अमरावतीहून बोलावलं, कोथिंबिरीची सांबारवडी केली, स्वतः इस्त्रीचा सदरा घातला.

संगणक खणखणीत बोलला, "एसआरसी इक्वल्स. एसआरसी इक्वल्स."

"हे कोन हाय रे बापू?" आईने विचारलं. "सूनबाईच्या माहेरचे काय?"

झालं होतं असं, की धाकट्याने वर्णनाची जागा रिकामीच सोडली होती. सूत्राला मात्र निदान एक अक्षर हवंच होतं. ते रिकामी जागा ओलांडून पुढची, फोटोच्या पत्त्याची खूण उचलून आलं. "सूत्र बराबर हाय," साडभाऊ म्हणाले. "रिकामं ठेवनारा चुकला."

"ते राहू दे. पोरगी कोनावानी दिसते, तेवढं सांग."

साडभाऊ पडद्याशी वाकले. मग म्हणाले, "तुह्यावानी, माय. दोन वेन्या. हसून राहिली."

"अन् मांगं?"

"मांगं झाड हाय. निंबाचं."

मी पडद्यावर पाहिलं. बर्फ, एक निष्पर्ण झाड, आणि केस बारीक कापलेली, रुसलेली पोर.

आता दर रविवारी हा कार्यक्रम तासभर चालतो. मला ते अजूनही मध्येच तोडतात. अलीकडे धाकटा प्रत्येक फोटोमागे नीट दोन ओळी लिहू लागलाय, म्हणजे सूत्र आता बिनचूक चालेल. साडभाऊ काही ते चालवत नाहीत.